उसण, थर्मास आणि सोलापुरी टॉवेल

पाठीत उसण भरली, कंबर धरली, की सोलापुरात घरातलं कोणीतरी लगेच म्हणतं, "शेकून काढ." या दोन शब्दांमागे केवढा मोठा संसार आहे! तव्यावर तापवलेलं खडेमीठ फडक्यात बांधून केलेली पुरचुंडी, गोणपाटात गुंडाळलेली तापलेली वीट, वाळूची पोटली, तेल लावून गरम केलेली एरंडाची नाहीतर निरगुडीची पानं, आणि आता प्रत्येक मेडिकलमध्ये मिळणारी विजेवरची जेलची पिशवी. खड्ड्याच्या मागावर पाय खाली सोडून दिवसभर पुढे वाकणारा विणकर, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई, पॉवरलूमच्या कारखान्यात पाळीभर उभा असणारा कामगार, यांच्या गावात शेक हे रोजचं औषध आहे. त्यासाठी कोणी डॉक्टरला विचारत नाही.

आणि याच घरांमध्ये आता क्रूझ येऊन पोचली आहे. मुलं पुण्यात नोकरीला असतात, आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मुंबई–गोवा नाहीतर मुंबई–लक्षद्वीपचं तिकीट काढून देतात. आई-बाबा साठीच्या पुढचे, कपाटात जुना एमआरआय, आणि 'मणक्यात गॅप आलाय' हे वाक्य पाठ झालेलं. बॅग भरताना शेकायची पिशवी सगळ्यात आधी आत जाते. नेमकी तीच पिशवी बोटीवर चढताना स्कॅनरमधून बाहेर काढली जाते, बाजूला ठेवली जाते आणि प्रवास संपल्यावर परत मिळते. मधल्या तीन-चार रात्री कंबरेनं काय करायचं, याचा विचार घरूनच करून निघावं, म्हणून हे लिहिणं.

जहाजावर सगळ्यात मोठी भीती पाण्याची नसून आगीची असते. किनारा लांब, अग्निशमन दल नाही, हजारो माणसं लोखंडाच्या एकाच कवचात. म्हणून ज्या वस्तूत तापणारी तार आहे ती प्रवाशाकडे नको, असा बहुतेक क्रूझ कंपन्यांचा नियम असतो. इस्त्री, किटली, पाण्यात सोडायचा हीटर, विजेची चादर, आणि बऱ्याच ठिकाणी हीटिंग पॅडसुद्धा. काही कंपन्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधी पाठवलेला मेल असेल तर पॅडला परवानगी देतात. ती तोंडी मिळाली म्हणून निघू नये. मेलचं उत्तर छापून कागद सोबत ठेवावा, कारण स्कॅनरपाशी उभ्या असलेल्या माणसाला तुमचा फोनवरचा संवाद माहीत नसतो.

परवानगी मिळाली तरी विजेची दुसरी अडचण उरते. बऱ्याच जहाजांच्या केबिनमध्ये ११० व्होल्टचं अमेरिकी पद्धतीचं आणि २२० व्होल्टचं युरोपी पद्धतीचं अशी दोन सॉकेट असतात. आपली तीन गोल दांड्यांची पिन दोन्हींत बसत नाही. ॲडॅप्टर लावून आपला ६० वॅटचा पॅड ११० व्होल्टवर जोडला तर तो ३० नाही, १५ वॅट उष्णता देतो, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. माणसाला वाटतं पॅड बिघडला. उलट परदेशातून कोणीतरी आणलेला ११० व्होल्टचा पॅड २२० वर लावला तर तो चौपट तापतो आणि जळतो. घरचं सर्ज प्रोटेक्टरवालं (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारं) एक्स्टेंशन बोर्डही नेऊ नये. घरच्या विजेत न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारा धागा, जमिनीला जोडलेला असतो, जहाजावर बहुधा तसा नसतो. घरासाठी बनवलेलं सर्ज प्रोटेक्टर त्या रचनेत स्वतःच तापून पेट घेऊ शकतं. अमेरिकेच्या तटरक्षक दलानं २०१३ साली याबद्दल खास इशारा काढला होता. आपल्याकडच्या विजेच्या जेल पिशवीबद्दल तर बोलायलाच नको. बऱ्याच स्वस्त पिशव्यांत आतल्या खारट पाण्यातूनच वीज जाते. तापल्यावर वीज आपोआप बंद करणारा कट-ऑफ चालला नाही तर आत वाफ धरते आणि शिवण उसवते. ही पिशवी मला घरातही धोक्याची वाटते, बोटीवर ती नेण्याचा विचारच करू नये.

मग उरतं काय? गरम पाणी आणि कापड. माझं स्पष्ट मत आहे की हे दोन पुरतात. पण ते का पुरतात, हे समजण्यासाठी शेक नेमकं काय करतो ते पाहावं लागेल.

बाहेरून दिलेला शेक कातडीखाली सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या पुढे फारसा जात नाही. दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) त्याहून कितीतरी खोल असते. त्यामुळे शेकानं 'गादी जागेवर बसते' किंवा 'गॅप भरून येते' हा समज सोडून द्यायला हवा. शेक काम करतो ते कातडीतल्या आणि वरच्या स्नायूंतल्या मज्जातंतूंवर. वेदनेचे अभ्यासक रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलेली 'गेट'ची कल्पना इथे उपयोगी पडते: उबेचे आणि स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत शिरले की वेदनेच्या संदेशांची वाट काही अंशी अडते. जोडीला त्या भागातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेला स्नायू थोडा सैल पडतो, आणि ज्या हालचालीची धास्ती वाटत होती ती करायचं धाडस होतं. वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००६ सालच्या आढाव्यात तीन महिन्यांच्या आतल्या कंबरदुखीत शेकाचा फायदा दिसला. तो छोटा आणि थोड्या काळापुरताच होता, पण होता. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१७ च्या मार्गदर्शनात नव्या कंबरदुखीसाठी गोळीच्या आधी जे उपाय सांगितले, त्यांत वरून दिलेला शेक आहे. वर्षानुवर्षांच्या दुखण्यात पुरावा तोकडा आहे. तिथे शेक आराम देतो, एवढंच म्हणावं.

याचा अर्थ असा की शेकानं अर्ध्या-पाऊण तासाची एक मोकळीक मिळते. त्या मोकळिकीत चाललात, कंबर हलवलीत, तर फायदा टिकतो. शेकून परत आडवं झालात तर पिशवी थंड होते आणि कंबरही पुन्हा धरते.

आता तापमान. कातडीपाशी ४० ते ४३ अंश सेल्सिअस ही कामाची ऊब. ४३ च्या आसपास कातडीतलं एक विशिष्ट ग्रहणकेंद्र जागं होतं आणि ऊब 'चटका' होऊ लागते. डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल ज्या शोधासाठी मिळालं तो हाच, आणि शोध लागला तो मिरचीच्या तिखटातून. मिरचीतलं कॅप्सेसिन आणि चटका देणारी उष्णता यांना शरीरात एकच दार आहे. शेंगाचटणीचा घास जिभेला 'भाजतो' तो यामुळेच. आणि यातूनच एक पक्का नियम निघतो: कॅप्सेसिनची पट्टी, तीव्र वासाचा बाम किंवा दुखण्यावरचं जेल लावलेल्या जागी शेक देऊ नये. दार आधीच अर्धं उघडलेलं असतं, शिवाय गरम कातडीतून औषध जास्त वेगानं आत जातं. बाम लावला असेल तर साबणानं धुऊन, कोरडं करून, तास-दोन तास थांबून मग शेक. ज्यांना डॉक्टरांनी वेदनेसाठी अंगावर चिकटवायचा औषधी पॅच दिला आहे, त्यांनी त्या पॅचवर किंवा जवळपास शेक देऊच नये. मोठ्या मात्रेत औषध रक्तात उतरू शकतं.

भाजण्याचं गणित तापमान आणि वेळ दोन्हींवर चालतं. ६० अंशांचं पाणी प्रौढ कातडीला काही सेकंदांत खोल भाजतं, हे आपल्याला पटकन समजतं. पण ४४ अंशांवरही, तासन् तास टेकून राहिलं तर सुमारे सहा तासांत भाजतं, हे १९४७ सालीच प्रयोगांनी दाखवून दिलेलं आहे. म्हणजे 'सोसतंय की' म्हणून पिशवी पाठीखाली घेऊन झोपणं हाच सगळ्यात मोठा अपघात. बोटीवर त्याची शक्यता वाढते. मळमळीसाठी घेतलेल्या बहुतेक गोळ्यांनी गुंगी येते, स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनीही येते. जेवण झालं, गोळी घेतली, पिशवी पाठीला लावली, बोट हळूहळू डुलतेय. अशा वेळी डोळा लागला नाही तरच नवल. म्हणून क्रम ठरवून घ्यावा: आधी शेक, मग गोळी. आणि फोनवर २० मिनिटांचा गजर.

साधनांकडे वळू. मीठ आणि वाळूची पोटली घरी ठीक. बोटीवर तवाच नाही. तशीही मला ती पाण्याच्या मागे वाटते. तेवढ्याच वजनाचं पाणी मिठाच्या किंवा वाळूच्या जवळजवळ पाचपट उष्णता धरून ठेवतं. मीठ पटकन निवतं, म्हणून माणूस ते जास्त तापवतो, आणि पहिल्या दोन मिनिटांत चटका बसतो. ज्वारी भरून शिवलेली पिशवी छान असते. मंगळवेढ्याची ज्वारी घरात असताना बाहेरून काही आणायची गरजही नाही. पण ती तापवायला मायक्रोवेव्ह लागतो आणि तो केबिनमध्ये नसतो. स्वयंपाकघरातले लोक बाहेरून आलेली धान्याची पिशवी आपल्या मायक्रोवेव्हमध्ये घालायला सहसा तयार होत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. कोरडं पडलेलं धान्य जास्त वेळ तापवलं की आतून धुमसतं.

आत चकती दाबली की गोठत जाऊन तापणारी सोडियम ॲसिटेटची पिशवी दिसायला जादूची. चकती टिचकली की पांढरे स्फटिक पसरत जातात आणि पिशवी ५४ अंशांच्या आसपास पोचते. अर्धा तास चांगली ऊब देते. पण तिला पुन्हा द्रव करायला उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवावं लागतं, म्हणजे बोटीवर ती एकदाच चालते. बंदरावर उतरायच्या दिवसासाठी एक राखून ठेवावी. विमानानं मुंबईला जाणार असाल तर ती चेक-इन बॅगेत टाका. हातातल्या सामानात ती द्रव म्हणून अडू शकते.

लोखंडाच्या भुकटीचे पट्टे मात्र खरोखर कामाचे. पाकीट फोडलं की हवा लागून आतली लोखंडाची भुकटी गंजू लागते. आत मीठ, कोळसा आणि थोडं पाणी असतं, त्यानं गंजण्याचा वेग वाढतो, आणि त्या गंजण्यातून निघणारी उष्णता ४० अंशांच्या आसपास आठ तास टिकते. अंगावरच्या बनियनवरून लावायचे, थेट कातडीवर नाही. वय पंचावन्नच्या पुढे असेल तर हे कटाक्षानं. झोपताना नाही, पट्ट्यावरून घट्ट बेल्टही नाही. पाकीट फोडल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच जाणवत नाही, म्हणून लोक दुसरा पट्टा फोडून शेजारी लावतात. तसं करू नये. चार रात्रींच्या प्रवासाला तीन-चार पट्टे पुष्कळ.

पण मुख्य साधन रबरी पिशवी. दोन लिटरची, आडव्या-उभ्या रेघांची, स्क्रूच्या बुचाची. निघायच्या आठवडाभर आधी ती तपासावी. दोन हातांनी दुमडून बघा. दुमडीत बारीक भेगा दिसल्या, रबर चिकट किंवा कडक वाटलं, तर फेकून द्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात माळ्यावर ठेवलेलं रबर दोन-तीन वर्षांत मरतं. बुचाच्या खाली असलेला वॉशर नखानं दाबून बघा, तो मऊ हवा. कोमट पाणी भरून, उलटी धरून, वर्तमानपत्रावर दहा मिनिटं ठेवा. कागद कोरडा राहिला तर पिशवी प्रवासाला लायक.

आणि अर्ध्या लिटरचा स्टीलचा थर्मास. बोटीवरच्या बुफेत चहा-कॉफीच्या यंत्रापाशी गरम पाण्याचा नळ असतो. ते पाणी ८५-९० अंशांच्या आसपास. ते उघड्या ग्लासात किंवा मगात घेऊन पाच-सहा डेक खाली उतरणं म्हणजे स्वतःला आणि लिफ्टमधल्या लहान मुलाला भाजणं. थर्मास घट्ट बंद करून आणावा. रूम सर्व्हिसला सांगितलं तर झाकणाच्या भांड्यात गरम पाणी केबिनमध्येही येतं. आपल्याकडच्या बोटींवर हिंदी सर्रास चालतं. "दादा, पीठ सेकने के लिए गरम पानी चाहिए, चाय के लिए नहीं" असं कारणासकट सांगितलं की माणूस मापानं पाणी आणतो.

आता गणित. अर्धा लिटर ८५ अंशांचं पाणी आणि पाऊण लिटर नळाचं ४० अंशांचं पाणी एकत्र केलं की ५८ अंशांचं सव्वा लिटर होतं. दोन लिटरच्या पिशवीचे दोन-तृतीयांश म्हणजे जवळपास तेवढंच. रबर थोडी उष्णता शोषतं, पाणी ५५ वर येतं. थेट कातडीला हे फार गरम. टॉवेलातून मात्र नेमकं. अनेक केबिनच्या शॉवरच्या मुठीवर ३८ चा आकडा आणि शेजारी एक छोटी कळ असते. ३८ पर्यंत मूठ सहज फिरते, कळ दाबल्याशिवाय पुढे जात नाही. ती भाजू नये म्हणूनच ठेवलेली असते. पाऊण लिटर पाणी घेताना दाबली तर नंतर मूठ आठवणीनं परत ३८ वर आणून ठेवा, पुढे आंघोळीला जाणाऱ्यासाठी.

पिशवी भरताना बाथरूमच्या बेसिनमध्ये आडवी ठेवायची, फक्त तोंड वर उचललेलं. हातात उभी धरून भरली की वाफ कोंडते आणि पाणी उसळून मनगटावर येतं. आधी नळाचं पाणी, मग थर्मासचं. आता पिशवी बेसिनच्या कडेवर पडती धरून दुसऱ्या हातानं हळूच दाबत जा. आधी हवेचे बुडबुडे निघतात, मग पाणी तोंडाशी चमकतं. तिथेच बूच लावा. हवा आत राहिली तर पिशवी फुग्यासारखी फुगते, पाठीच्या कमानीत बसत नाही. बूच हातानं घट्ट. पक्कड किंवा चमच्याच्या दांड्यानं आवळलं तर वॉशर फाटतो. मग बेसिनवरच उलटी धरून दहा सेकंद थांबा. बोट हलत असेल तर हे सगळं कमोडचं झाकण लावून त्यावर बसून करावं. समुद्र खवळलेला असेल तर करूच नये, पट्टा लावावा.

इथे सोलापुरी टॉवेलाचा मान आहे. सोलापूरच्या चादरीप्रमाणेच इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि शेकासाठी त्याच्यासारखं कापड नाही. दोन्ही अंगांना उभे राहिलेले सुताचे फासे. प्रत्येक फाशात अडकलेली हवा. हवा उष्णता सावकाश सोडते, म्हणून पिशवीतली ५५ अंशांची धग कातडीला पोचेपर्यंत सौम्य होते. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ७०-७५ अंशांच्या पाण्यातून काढलेले गरम पॅक सहा ते आठ पदरी टॉवेलात गुंडाळून लावतात, ते याच तत्त्वावर. आपल्या पिशवीला सुरुवातीला चार पदर पुरतात: आंघोळीचा टॉवेल लांबीत दुमडा, पुन्हा एकदा दुमडा, आणि पिशवी त्याच्यावर ठेवून पदरांची बाजू पाठीकडे करा. दहा मिनिटांनी पाणी निवू लागतं तेव्हा दोन पदर काढा. म्हणजे वीस मिनिटं ऊब जवळजवळ सारखी राहते. टॉवेल जुना, बऱ्याच धुण्यांतून गेलेला असावा. नव्याच्या फाशांवर कांजी असते, तो कडक आणि निसरडा लागतो. बोटीवरचे टॉवेलही चालतात, पण ते बहुधा पातळ. पदर वाढवावे लागतात.

आणि पदर कोरडे हवेत. ओल्या कापडातून उष्णता कितीतरी वेगानं शिरते. ओला शेक काहींना जास्त आवडतो, खोल गेल्यासारखा वाटतो, पण त्याची रीत वेगळी: बेसिनमध्ये ४५ अंशांच्या आत पाणी, टॉवेल बुडवून दोन्ही टोकं धरून पिळून काढायचा, पाठीवर पसरायचा, वर प्लॅस्टिकची पिशवी आणि त्यावर कोरडा टॉवेल. पाच-सहा मिनिटांत निवतो, मग पुन्हा. सोबत कोणी असेल तरच हे जमतं. ओल्या टॉवेलावर रबरी पिशवी ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा.

पाठीवर पिशवी घेऊन उताणं पडू नये. अंगाच्या वजनाखाली कातडीतलं रक्त अडतं, आणि उष्णता वाहून नेणारं तेच असतं. शिवाय बुचावर दाब येतो. कुशीवर निजावं, गुडघे दुमडून, दोन गुडघ्यांमध्ये उशी, पिशवी मागून टेकवून ओढणीनं किंवा पंच्यानं पोटाभोवती सैल बांधावी. लावण्याआधी गुंडाळलेली पिशवी मनगटाच्या आतल्या बाजूला अर्धा मिनिट धरून बघा. मधुमेहानं पाय किंवा पाठ बधिर असेल तर स्वतःच्या मनगटावर विसंबू नका, जोडीदाराचं मनगट वापरा; आणि दर पाच मिनिटांनी त्यांना कातडी बघायला सांगा. समान गुलाबी रंग ठीक. पांढरे-लाल ठिपके दिसले तर लगेच काढा. रोज रोज तासभर शेकणाऱ्यांच्या कंबरेवर जाळीसारखे तपकिरी पट्टे उमटतात; ते साधं काळवंडणं नसतं, उष्णतेनं कातडीला झालेली इजा असते. असे पट्टे असतील तर त्या जागी शेक बंद करून त्वचेच्या डॉक्टरला दाखवावं.

वीस मिनिटं झाली. पिशवी बाजूला ठेवायची. उताणं पडून गुडघे दुमडलेले, कंबरेची पोकळी गादीला टेकवायची, पाच सेकंद धरायची, सोडायची; असं दहा वेळा. मग एक-एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे, वीस सेकंद, तीन-तीन वेळा. मग कुशीवरून हाताच्या आधारानं उठायचं, आणि डेकवर दहा मिनिटं चालणं. बोटीवर चालण्यासारखं औषध नाही. लांब सपाट लाकडी डेक, खड्डा नाही, रिक्षा नाही. सकाळच्या पहिल्या तासात पुढे वाकून पायाची बोटं धरण्याचा व्यायाम करू नये. रात्रभर निजल्यावर मणक्यांमधल्या गाद्यांत पाणी शिरून त्या फुगलेल्या असतात, आणि वाकताना त्यांच्यावर ताण जास्त येतो.

कंबर बोटीवर का दुखते, याचं एक कारण दिसतच नाही. जहाज सतत बारीक डुलतं आणि तोल सांभाळायला कण्याशेजारचे स्नायू दिवसभर कामाला लागतात. जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन सगळ्यात कमी हलते. बुकिंग करणाऱ्या मुलाला समुद्र दिसणारी वरची केबिन हवी असते, त्याला हे आधी सांगावं. दुसरं, एसी. कोरड्या उन्हाच्या गावातून आलेला माणूस बंद केबिनमध्ये गार झोताखाली अंग आकसून झोपतो. झोताची दिशा वळवा, चादर कंबरेपर्यंत तरी घ्या. तिसरं, गादी. फार मऊ असेल तर केबिनच्या माणसाला सांगून जादा उश्या मागा, एक गुडघ्याखाली. टॉवेलाची मनगटाएवढी जाड गुंडाळी कंबरेच्या पोकळीत. चौथं, लक्षद्वीपला जहाज बाहेर नांगरतं आणि माणसं छोट्या नावेत उतरतात. जहाज आणि नाव वेगवेगळ्या तालात वरखाली होतात. नाव वर आल्यावर, नावाड्याच्या हाताला धरून, एकच पाऊल टाकायचं. उडी नाही, पाठीवर सॅक नाही. पाठ नुकतीच धरलेली असेल तर त्या दिवशी जहाजावरच राहावं.

जकुझीचं, म्हणजे डेकवरच्या गरम पाण्याच्या हौदाचं, पाणी बहुधा ४० अंशांपर्यंत ठेवतात. दहा-पंधरा मिनिटं कंबरेला छान वाटतं. हृदयविकार, न सांभाळलेलं ब्लडप्रेशर, गरोदरपण असेल तर विचारल्याशिवाय उतरू नये. दारू पिऊन तर कोणीच नाही. बाहेर येताना रक्तदाब उतरलेला असतो, फरशी ओली असते, बोट हलत असते. कठडा धरून, पायरीवर मिनिटभर बसून मग उठा. सौनाला, म्हणजे तापवलेल्या बंद खोलीत, मी या वयात कंबरेसाठी पाठवणार नाही.

काही दुखणी शेकायची नसतात. पडल्या-आपटल्यानं सूज आली असेल तर पहिले दोन दिवस बर्फाचा शेक. ताप असेल, कातडीवर जखम किंवा पुरळ असेल तर नाही. एका बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल तर नागीण असू शकते, पुरळ दोन-तीन दिवसांनी उठतं. कुशीतून जांघेकडे लाटांसारखी कळ येत असेल आणि कुठल्याच कुशीवर चैन पडत नसेल, तर तो मुतखडा असू शकतो; शेकानं बरं वाटतं आणि निदान लांबतं. आणि लघवी अडली, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पायातलं बळ गेलं, तर जहाजावरच्या दवाखान्यात त्याच क्षणी जायचं, सकाळची वाट पाहायची नाही. प्रवास विमा घेताना त्यात समुद्रावरचा उपचार आहे का, जुनं दुखणं धरलंय का, ते वाचून घ्यावं.

खरी परीक्षा मात्र बोटीआधीच होते. फेब्रुवारी २०२३ पासून सोलापूर–मुंबई वंदे भारत धावते, साडेसहा तासांच्या आसपास बसून जायचं. हा लोखंडाच्या पट्ट्याचा दिवस: गाडीत बसल्यावर बनियनवरून लावा, तासाला एकदा उठून डब्याच्या टोकापर्यंत जाऊन या. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं जाणार असाल तर झोपेत पट्टा नको. घरून निघण्याआधी वीस मिनिटं शेकून घ्या. तिकीट काढताना खालच्या बर्थचा कोटा मागा, बायकांना तो ४५ पासून आणि पुरुषांना ६० पासून असतो. वरच्या बर्थवर चढताना जी चमक निघते ती पुढे चार दिवस पुरते. सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझ सुटते तो धक्का, जवळच आहे, तरी बॅगा ओढत चालू नये, टॅक्सी करावी.

परतीच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. टॉवेल, रबरी पिशवी आणि थर्मास हातातल्या सामानात ठेवा, नाहीतर नेमक्या त्या सकाळी हाताशी काहीच नसतं. उठल्यावर शेक, मग वर सांगितलेल्या दोन हालचाली, डेकवर एक फेरी, आणि मगच सामान. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये सोडून ती झटकून घ्या. घरी पोचल्यावर बूच काढून, तोंड खाली करून, सावलीत दोन दिवस टांगून ठेवा, आणि वाळली की थोडी हवा भरून बूच सैल लावा, म्हणजे आतली रबराची अंगं एकमेकांना चिकटत नाहीत.